सिलिकॉनचा दुहेरी बंध: ‘होत नाही’ आणि ‘टिकत नाही’ यांत फरक आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला सिलिकॉनवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडीने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. वाळूतला सिलिकॉन शुद्ध कसा करतात, त्याचा एकसंध स्फटिक कसा वाढवतात, त्याच्या चकत्या कशा कापतात, हे लेखकाने इतके नेमके लिहिले आहे की कात्रण काढून ठेवावेसे वाटले. काढलेही. पण त्या कात्रणात तिसऱ्या परिच्छेदातल्या एका वाक्याखाली माझी रेघ आहे. ‘कार्बनसारखे दुहेरी वा तिहेरी बंध सिलिकॉनला करता येत नाहीत, म्हणून त्याचे रसायनशास्त्र एकेरी बंधांपुरते राहिले,’ असे ते वाक्य. ते चूक आहे, आणि १९८१ पासून चूक आहे.

लेखकाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. हेच वाक्य मलाही शाळेत वहीत उतरवून दिले होते. पुढे साडेचार वर्षे मी एका प्रयोगशाळेत काम केले. तिथे आम्ही रोज जे पदार्थ हाताळत होतो ते या वाक्याप्रमाणे जगात असायलाच नको होते. त्यानंतर मी रसायनशास्त्र शिकवते आहे. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने एका परीक्षेत लिहिले, ‘सिलिकॉन-सिलिकॉन दुहेरी बंध असलेले पहिले स्थिर संयुग १९८१ मध्ये मिळाले.’ त्यावर लाल फुली आली आणि दोन गुण गेले. आम्ही फेरतपासणी मागितली. पाठ्यपुस्तकात जे दिले आहे तेच ग्राह्य धरले जाईल, असे उत्तर आले. दोन गुणांचे मला एवढे वाटत नाही. पण ती मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘मॅडम, मग पुढच्या वेळी मी चुकीचे लिहू का?’ तिला काय सांगावे ते त्या दिवशी मला सुचले नाही. आपल्या पुरवणीत तेच वाक्य पुन्हा दिसले, म्हणून हे पत्र.

हा नियम आला कुठून, ते आधी सांगते, कारण तो उगाच आलेला नाही. दुहेरी बंधातला पहिला बंध दोन अणूंच्या मधोमध, समोरासमोर होतो. दुसरा कडेने होतो. दोन्ही अणूंवर उभे असलेले इलेक्ट्रॉनचे ढग बाजूने एकमेकांना भिडतात. कार्बन लहान. त्याचे दोन अणू दुहेरी बंधात १.३४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) इतके जवळ येतात, त्यामुळे कडेची ही गाठ पक्की बसते. सिलिकॉनच्या अंगावर इलेक्ट्रॉनचा एक थर जास्त असतो. त्याच्या दोन अणूंमधला साधा एकेरी बंधच २.३५ अँगस्ट्रॉमचा, कार्बनचा १.५४. एवढ्या लांबून कडेची गाठ सैल पडते. कार्बनच्या तशा गाठीच्या निम्मेही बळ तिच्यात नसते. त्यात सिलिकॉन-ऑक्सिजन बंध सिलिकॉन-सिलिकॉन बंधाच्या जवळजवळ दुप्पट बळाचा. हवा किंवा ओलावा लागला की सिलिकॉनची ती सैल गाठ सुटते आणि ऑक्सिजन आत शिरतो. हवा नसली, ओल नसली, तरी दोन रेणू एकमेकांनाच धरतात आणि चार सिलिकॉनचे कडे होऊन बसते.

म्हणजे बंध होतो. राहत नाही, एवढेच. या दोन क्रियापदांची गल्लत झाली आणि तिचा नियम बनला.

त्यात ज्यांनी उमेद सोडली त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग यांनी चाळीसेक वर्षे सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांवर काम केले. दुहेरी बंध मिळावा म्हणून त्यांनी क्लोरीन जोडलेल्या सिलिकॉन संयुगांवर सोडियमची अभिक्रिया केली. त्यांच्या फ्लास्कमध्ये जे तयार झाले ते पुढे अशा कड्यांचे पदार्थ निघाले. १९३० च्या दशकात रॉयल सोसायटीपुढच्या बेकेरियन व्याख्यानात ते म्हणाले की या शाखेत लवकर काही महत्त्वाची प्रगती होईल अशी फारशी आशा दिसत नाही. आपल्या लेखात ‘सिलिकॉन’ आणि ‘सिलिकोन’ हे शब्द एका ठिकाणी अदलाबदल झाले आहेत, तेही याच किपिंग यांच्यापाशी येऊन पोचते. कार्बनच्या ‘कीटोन’मध्ये कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असतो. सूत्र तसेच दिसते म्हणून त्यांनी आपल्या पदार्थाला ‘सिलिकोन’ म्हटले. प्रत्यक्षात सिलिकोनमध्ये दुहेरी बंध नसतो. सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन, ऑक्सिजन अशी एकेरी बंधांची लांब साखळी असते. त्या नावाला शोभेल असा खरा सिलिकॉन-कीटोन, बाटलीत ठेवता येईल असा, जपानमध्ये ताकेआकी इवामोतो यांच्या गटाने २०१९ मध्ये मिळवला. नाव आधी आले, वस्तू कितीतरी दशकांनी.

१९६७ मध्ये गुसेल्निकोव्ह आणि फ्लॉवर्स यांना तापलेल्या वायूत सिलिकॉन-कार्बन दुहेरी बंधाची चाहूल लागली. १९७२ मध्ये रोआर्क आणि पेडल यांना क्षणभर जगणाऱ्या सिलिकॉन-सिलिकॉन दुहेरी बंधाचे पुरावे मिळाले. पण बाटलीत काही नव्हते. ते १९८१ मध्ये आले. विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट वेस्ट, मार्क फिंक आणि योसेफ मिखल यांनी तीन सिलिकॉन असलेल्या एका रेणूवर अतिनील प्रकाश टाकला. मधला सिलिकॉन सुटला, आणि असे दोन सुटे सिलिकॉन एकमेकांना दुहेरी बंधाने जोडले गेले. यातली युक्ती रेणूच्या चार कोपऱ्यांवर होती. प्रत्येक सिलिकॉनवर दोन मेसिटिल गट, म्हणजे तीन-तीन मिथिल डोकी (एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचे छोटे गट) बाहेर काढलेली बेन्झिनची कडी. त्यांच्या गर्दीमुळे दुसरा रेणू जवळ येऊच शकत नाही. दुहेरी बंधाचे बळ तेवढेच राहिले, त्याला फक्त आडोसा मिळाला. त्याच वर्षी टोरांटोमध्ये एड्रियन ब्रूक यांनी सिलिकॉन-कार्बन दुहेरी बंध बाटलीत आणला आणि जपानमध्ये मासाकी योशिफुजी यांनी फॉस्फरस-फॉस्फरसचा. फॉस्फरसलाही हाच नियम लावला जात होता. एका वर्षात तीन ठिकाणी तो मोडला.

हा रेणू मी स्वतः बनवला आहे. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत हात बसावा म्हणून आम्हाला वेस्ट यांचीच कृती करायला दिली होती. क्वार्ट्झच्या नळीत स्वच्छ, पाण्यासारखे द्रावण, भोवती थंडी, बाजूला अतिनील दिवा. तासाभरात नळीच्या दिव्याकडच्या बाजूला पिवळेपणाची एक पट्टी दिसू लागते. आधी वाटते डोळ्यांचा भास आहे. मग ती पट्टी पसरते आणि सगळी नळी पिवळी होते. सिलिकॉनची एकेरी बंधांची बहुतेक साधी संयुगे रंगहीन असतात, त्यामुळे तो रंग म्हणजेच बातमी असते. इलेक्ट्रॉन इतके सैल बसले आहेत की दृश्य प्रकाशही त्यांना वर उचलू शकतो. मी ते केशरट पिवळे स्फटिक गोळा करून आर्गॉन या निष्क्रिय वायूखाली फ्लास्कमध्ये बंद केले आणि घरी गेले. एका पुरवठादाराकडून आलेल्या त्या फ्लास्कच्या काचेचा स्टॉपकॉक, म्हणजे तोटी, नीट घासलेला नव्हता. रात्रभर केसभर फटीतून हवा आत जात राहिली. सकाळी स्फटिक जिथल्या तिथे होते, त्यांच्या कडाही पूर्वीइतक्याच धारदार होत्या, पण रंग गेला होता. तळाशी दबलेले दोन-तीन तेवढे पिवळट राहिले होते.

मी रडले, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही. माझ्या मार्गदर्शकांनी तो फ्लास्क धुवू दिला नाही. म्हणाले, याचाही क्ष-किरणांनी अभ्यास कर. ऑक्सिजनचे दोन अणू आधी दुहेरी बंधाच्या डोक्यावर शेजारी शेजारी बसतात. मग त्यांच्यातला बंध तुटतो आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनच्या मध्ये सरकतो. हे सगळे स्फटिकाच्या आत, स्फटिक न मोडता होऊ शकते. वेस्ट यांच्या गटाने ते दाखवून दिले आहे. अभिक्रियाशीलता म्हणजे नुसता नाश नसतो, तिला ठराविक वाट असते, हे मी त्या पांढऱ्या पडलेल्या स्फटिकांवर शिकले.

आणि सिलिकॉनचा दुहेरी बंध ही कार्बनच्या बंधाची फिकट नक्कलही नाही. एथिलीन, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंधाचा सर्वांत साधा रेणू, सपाट असतो. सिलिकॉनचे हे रेणू बहुधा सपाट राहत नाहीत. एका टोकाचे गट किंचित वर वळतात, दुसऱ्याचे किंचित खाली. सिलिकॉनला आपल्या बाह्य इलेक्ट्रॉनांपैकी एक जोडी स्वतःपाशी राखून ठेवायला आवडते. दुहेरी बंध करताना दोन्ही अणू ती जोडी तिरकस धरून एकमेकांच्या रिकाम्या जागेत देतात. २००४ मध्ये त्सुकुबा विद्यापीठात अकिरा सेकिगुची यांच्या गटाने तिहेरी बंध मिळवला, त्याचे स्फटिक पाचूसारखे हिरवे. कार्बनचा तिहेरी बंध सरळ रेषेत असतो, हा सुमारे १३७ अंशांत वाकलेला. लांबी २.०६ अँगस्ट्रॉम. कार्बनची मोजपट्टी लावली तर याला तिहेरी म्हणायचे की नाही यावर वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. माझ्या मते मोजपट्टीच बदलायला हवी.

आता ज्या गोष्टीसाठी मी संशोधनात गेले आणि जिच्याबद्दल मराठीत फारसे लिहिले जात नाही, तिच्याकडे येते. सिलिकॉनचे असंपृक्त रेणवीय क्लस्टर. ‘असंपृक्त’ हा आपल्या पुस्तकांतला शब्द मला आवडतो, कारण त्यात उणेपणा नाही. अजून जोडून घ्यायला जागा आहे, इतकेच त्यात सांगितले आहे. क्लस्टर म्हणजे अणूंचा गुच्छ, पिंजऱ्यासारखा सांगाडा. अशा सांगाड्यात एरवी प्रत्येक सिलिकॉन चार शेजाऱ्यांना धरून असतो. त्यातले काही शेजारी सांगाड्याच्या आतले सिलिकॉन, उरलेले बाहेरचे संरक्षक गट. असंपृक्त क्लस्टरमध्ये काही सिलिकॉनवर बाहेरचा गटच नसतो. इंग्रजीत त्यांना ‘नेकेड’ म्हणतात. मी वर्गात ‘उघडा अणू’ म्हणते.

२००५ मध्ये डेव्हिड शेशकेविट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पाच सिलिकॉनचा असा क्लस्टर प्रसिद्ध केला, ज्याच्या एका कोपऱ्यावर काहीच जोडलेले नव्हते. २०१० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून त्यांच्याच गटाने सहा सिलिकॉनचा एक गर्द हिरवा रेणू समोर आणला. याच्यापाशी मला जरा थांबू द्या. बेन्झिनमध्ये सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन असतात, प्रत्येक कार्बनवर एक. तसेच सहा सिलिकॉन आणि सहा गट घेतले तर काय होईल, हा प्रश्न अनेक दशके लोकांना पडला होता. १९९३ मध्ये सेकिगुची यांनी सहा सिलिकॉनची त्रिकोणी पेटी बनवली, तिच्यात प्रत्येक सिलिकॉनवर एक गट आणि सगळे बंध एकेरी. हिरव्या रेणूतही सहा सिलिकॉन आणि सहाच गट, पण वाटणी निराळी. दोन सिलिकॉनवर दोन-दोन गट, दोघांवर एकेक, आणि दोघांवर काहीच नाही. बेरीज सहाच. आपल्यापैकी कुणालाही वाटेल की दोन अणू उपाशी ठेवणारी वाटणी टिकणार नाही. ती टिकली, कारण सहा इलेक्ट्रॉन त्या सांगाड्यात एका जागी न बसता पसरून राहिले. बेन्झिनला जे स्थैर्य येते त्याच्याच जातीचे ते आहे, मात्र इथे कडेच्या गाठी, समोरासमोरचे बंध आणि बंधात नसलेली जोडी या तिघांचे इलेक्ट्रॉन त्यात सामील होतात. पुढच्याच वर्षी याच सहा सिलिकॉन आणि सहा गटांचा आणखी एक सांगाडा मिळाला. हिरव्या रेणूची पुनर्रचना होऊन तो तयार होतो, आणि गणिताप्रमाणे या सगळ्या रचनांत ऊर्जेने सर्वांत खालचा तोच. सगळ्यांना ज्याची आस होती ते बेन्झिनसारखे सपाट षट्कोनी कडे मात्र यांत सर्वांत स्थिर नाही. सिलिकॉनला कार्बनसारखे वागायला लावण्याच्या नादात आपण त्याला काय आवडते हे विचारलेच नव्हते.

२०१० मध्येच फ्रँक ब्रेहर यांच्या गटाने पाच सिलिकॉनचा प्रोपेलेन मिळवला. विमानाच्या पंख्यासारखी तीन पाती, प्रत्येक पाते म्हणजे दोन मेसिटिल गट धरलेला एक सिलिकॉन, आणि पात्यांच्या मुळाशी, आसाच्या दोन टोकांना, दोन उघडे सिलिकॉन. त्या दोघांमधले अंतर सुमारे २.६४ अँगस्ट्रॉम. नेहमीच्या २.३५ पेक्षा बरेच जास्त, पण संबंध तुटला म्हणावे इतके नाही. बंध आहे का? काही अभिक्रियांत ते दोघे सुट्या इलेक्ट्रॉनांसारखे वागतात, काहींत घट्ट जोडीसारखे.

माझ्या त्या विद्यार्थिनीला मी हा रेणू चेंडू-काड्यांच्या संचातून करायला दिला. पाच चेंडू, प्रत्येकाला चार भोके, चार दिशांना. पाती जोडून झाली आणि ती थबकली. दोन्ही उघड्या चेंडूंची तीन-तीन भोके भरली होती, उरलेले चौथे भोक मात्र बाहेर तोंड करून होते, एकमेकांच्या उलट दिशेला. ‘मॅडम, मधली काडी घालायची कुठून?’ तिने विचारले. माझ्या मते या विषयातला सर्वांत चांगला प्रश्न हाच आहे. उघड्या अणूचे सगळे शेजारी त्याच्या एकाच बाजूला, अर्ध्या गोलात असतात. दुसरा अर्धा गोल मोकळा.

आणि अर्ध्या बाजूला शेजारी, अर्धी बाजू मोकळी, ही स्थिती आपल्या लेखकाने इतक्या प्रेमाने वर्णन केलेल्या सिलिकॉनच्या चकतीच्या पृष्ठभागावरही असते. चकतीच्या आत प्रत्येक अणूला चार शेजारी. स्फटिक कापला की पृष्ठभागावरच्या अणूंचे वरचे शेजारी नाहीसे होतात. चिपसाठी नेहमी वापरतात त्या पृष्ठभागावर प्रत्येक अणूचे दोन हात रिकामे राहतात. निर्वातात असे शेजारचे दोन अणू एकमेकांकडे झुकतात आणि जोड्या करतात. १९५९ मध्ये श्लिअर आणि फार्न्सवर्थ यांनी इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या नक्षीवरून या जोड्यांची कल्पना मांडली, १९८५ मध्ये स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या ओळी दिसल्या. त्या जोड्यांतला एक अणू जरा वर असतो, एक जरा खाली. वाकलेला, सैल, अभिक्रियेला उत्सुक असा दुहेरी बंध. एथिलीनसारखे रेणू त्याच्यावर येऊन बसतात. म्हणजे ‘सिलिकॉनला दुहेरी बंध करता येत नाहीत’ हे वाक्य ज्या चकतीच्या कौतुकात लिहिले गेले, तिच्याच उघड्या पृष्ठभागावर तसल्या जोड्यांच्या रांगा लागतात.

पृष्ठभागाचा अभ्यास अवघड असतो, कारण त्याला बाटलीत विरघळवता येत नाही. असंपृक्त क्लस्टर विरघळतात. त्यांचा एनएमआर घेता येतो, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेणूतल्या एकेका अणूचा संकेत वाचता येतो. निसर्गातल्या सिलिकॉनपैकी जेमतेम ४.७ टक्के अणू एनएमआरला दिसतात, म्हणून यंत्रावर रात्र-रात्र नमुना ठेवावा लागतो. मी तशा कितीतरी रात्री बसले आहे. सहा सिलिकॉनच्या त्या सर्वांत स्थिर क्लस्टरमध्ये एकाच रेणूतल्या सिलिकॉनचे संकेत चारशे पीपीएमपेक्षा (एनएमआरच्या मोजपट्टीवरचे एकक) जास्त पसरलेले असतात. एक टोकाला डावीकडे, दुसरा पार उजवीकडे, जणू ती वेगवेगळी मूलद्रव्ये असावीत. उघड्या अणूचा संकेत कागदाच्या अगदी कडेला सापडतो. नवीन विद्यार्थी तो भाग छापतच नाहीत, आणि मग अणू हरवला म्हणून शोधत बसतात.

आणखी एक धागा आहे. सिलेन वायूपासून सिलिकॉनचा थर बसवताना सुरुवातीला एका सिलिकॉनवर चार हायड्रोजन असतात, शेवटी एकही नसतो. मधल्या वाटेवर अर्धवट झाकलेले, उघड्या अणूंचे गुच्छ येत असणारच. वायूच्या झोतात लेझरने बनवलेले सिलिकॉनचे निव्वळ गुच्छ १९८० च्या दशकात अभ्यासले गेले. बेल लॅब्जमध्ये कृष्णन राघवाचारी यांनी त्यांच्या रचनांचे गणित मांडले, त्यात पाच सिलिकॉनचा गुच्छ दोन पिरॅमिड पायाशी जोडल्यासारखा निघाला. ब्रेहर यांचा प्रोपेलेन आठवून पाहा, सांगाडा तोच आहे. झोतातले गुच्छ धरून ठेवता येत नाहीत. शेशकेविट्झ यांनी ‘सिलिकॉनॉइड’ असे नाव दिलेले हे क्लस्टर त्या वाटेवरचे मुक्कामच म्हणावेत, आणि ते हातात घेता येतात. २०१६ मध्ये सारब्रुकेनमध्ये त्यांच्या गटाने सहा सिलिकॉनच्या क्लस्टरवरचा एक संरक्षक गट काढून तिथे लिथियम बसवला. लिथियम आले म्हणजे त्या जागी हवे ते जोडायला हात मिळाला. त्यांनी तिथे फॉस्फरस, बोरॉन असे गट जोडून दाखवले, आणि तरीही उघडे अणू उघडेच राहिले. माझ्या काळी आम्ही या क्लस्टरला नुसते जिवंत ठेवण्याची धडपड करत होतो. आता त्यांना हँडल बसवता येते, हे वाचताना मला जे वाटते ते कसे सांगू?

याचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात. मी वाढवून सांगत नाही. यातून उद्या नवी चिप निघेल असे मी म्हणणार नाही. पण २००५ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसला फिलिप पॉवर यांच्या गटाने आवर्तसारणीत सिलिकॉनच्या खालच्या घरातल्या जर्मेनियमच्या अशाच बहुबंधाने साध्या तापमानाला, साध्या दाबाला हायड्रोजनचा रेणू फोडला. ते काम लोखंड, प्लॅटिनम यांसारख्या संक्रमण धातूंचे, असे तोवर मानले जात होते. सैल गाठ हा दुबळेपणाही असतो आणि कामाला लागण्याची तयारीही. ज्या सैलपणामुळे माझे स्फटिक रात्रीत पांढरे झाले, तोच सैलपणा हायड्रोजनसारखा घट्ट रेणू उघडायला लागतो.

म्हणून आपल्याला माझी विनंती आहे. पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी: ‘सिलिकॉनचे दुहेरी आणि तिहेरी बंध सहसा टिकत नाहीत, पण मोठ्या गटांचा आडोसा दिला तर टिकतात. दुहेरी बंधाचे पहिले स्थिर उदाहरण १९८१ मध्ये आणि तिहेरी बंधाचे २००४ मध्ये मिळाले.’ पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही माझे तेवढेच सांगणे आहे. ‘होत नाहीत’ खोडून ‘सहसा टिकत नाहीत’ लिहायला नवा धडा लागत नाही.

ते प्रोपेलेनचे मॉडेल अजून माझ्या टेबलावर आहे. मधली काडी तिने शेवटी घातली नाही. दोन उघड्या चेंडूंच्या मध्ये एक दोरा बांधला आहे, ना ताणलेला ना सैल. आपण दुरुस्ती छापलीत तर त्याचे कात्रण मी त्या मुलीला तिच्या वहीत लावायला देईन.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका